मागल्या इंजिनाची ओ

इस्तेव्हने हे इंजिन रॉटरडॅमहून आणलं होतं,
लोकरी मोज्यांत गुंडाळून,
बोटीवरची शेवटची नोकरी संपली त्या साली.
मग कपाटात, काचेमागे, सांत आंतोनीच्या शेजारी
ते उभंच राहिलं.
आता माझ्या दुकानात आलंय, मांगोर हिलच्या उतारावर,
दोन मिक्सर आणि एका मुक्या रेडिओच्या मध्ये.
"वाजायला हवं," एवढंच तो म्हणाला,
"आणि सांगितल्यावर थांबायला."

कवच काढलं. आत मोटर,
तिच्यावर मेण झालेलं तेल.
आधी ती चौकटीपासून सोडवायची,
एकही धागा धातूला शिवता कामा नये.
हे मला माहीत होतं.
तरी पहिली चिप जाळली.
वास नखाएवढा,
नुकसान नऊ हजारांचं.

दुसरी यायला पंधरा दिवस.
लाल आणि काळी रुळांकडून येणार,
नारिंगी, करडी मोटरीकडे जाणार,
पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या.
निळी सगळ्यांना पुरवणारी,
प्रत्येक घरात एक असते तशी.
जांभळ्या दोन, घशाला.
साखरेच्या पुडीएवढा स्पीकर
इंधनाच्या टाकीत मावेना,
म्हणून टाकीच कानशीने पोखरली.

रूळ काळे पडलेले. वास्कोत सगळंच पडतं.
स्पिरिट संपलं होतं, रविवार होता,
बाटलीच्या तळाची फेणी घेतली आणि पुसले.
दोन दिवस गिऱ्हाइकं
माझ्याकडे जरा निरखून बघत होती.

पूर्वी वीज सोडली की रुळांवरची सगळी इंजिनं पळायची,
का पळतोय हे कुणालाच ठाऊक नसायचं.
आता वीज रुळांत कायमची.
ज्याचा नंबर पुकारला तेच हलतं,
बाकीची दिवे लावून उभी, ऐकत.
कारखान्यातून निघताना सगळ्यांचा नंबर तीन असतो.
मी तो बदलला नाही.
इस्तेव्हकडे दुसरं इंजिन आहेच कुठे?

रात्री चालू केलं. खोकलं,
मग घरघर धरली.
दोन नंबर दाबला: भोंगा.
स्वच्छ, थंड, बर्फातल्या देशाचा.

सुलक्षा दारात आली,
मनगटाला पेडव्याचं खवलं.
"हें न्हय."
तिचे बाबा करंझोळला पॉइंट्समन;
शाळेला ती गार्डाच्या डब्यातून कुळ्यात उतरायची.
"घाटात पुढचं एकटं वाजत नाही.
पुढचं विचारतं,
मागून ढकलणारं ओ देतं.
मधे बोगदा असो, काही असो,
ओ आल्याबिगर गाडी सुटत नाही."

"कशी ओ?"

तिने हात पुसले. रस्त्याकडे पाहून घेतलं.
मग हनुवटी छातीत रुतवून
जो आवाज काढला
तो बावीस वर्षांच्या संसारात मी ऐकला नव्हता:
जाड, फाटका,
वळणावर अर्धा दरीत सांडलेला.
पलीकडच्या सेबीचा कुत्रा उठून बसला.

सातव्या खेपेला फोनवर नीट उतरला.
पहिल्या सहांत ती हसली आहे;
तेही ठेवलेत.
पंख्याची घरघर कापून
तिसऱ्या बटणावर बसवला.

काल इस्तेव्हच्या पलंगाशेजारी
दीड मीटर रूळ मांडून दिले.
त्याने दोन दाबला.
मी म्हटलं, आता तीन.
दाबला.
बराच वेळ त्याचा अंगठा तिथेच.
"कोण हे?"
"मागलं इंजिन."
त्याने मान हलवली, नवल काहीच नसल्यासारखी.
"धुक्यात बोटींचंही असंच असतं," म्हणाला
आणि पुन्हा दोन दाबला.

आठ नंबरचं बटण सगळा आवाज बंद करतं.
त्याच्यासाठी लिहिलेल्या चिठ्ठीत
मी सातपर्यंतच आलोय.