कुलूप

ट्रेलेऊ मागे पडलं की रुता तीनचा रस्ता
वळायचंच विसरतो.
चाळीस वर्षं मेंढ्या भादरल्या या उजव्या हातानं.
आता तासाभरात मनगट पेटतं,
करंगळी तर कुणा दुसऱ्याचीच.

सून नेरीना लेथवर काम करते, बोलते कमी.
तिनं मुठीला पितळी चकती बसवली, वर चिमुकला खटका.
"इथं दाबा, ओस्मार. वेग राहील तिथंच."
मी म्हटलं, हात शाबूत असताना कुलूप कशाला?
ती बोल्ट आवळत राहिली.

आज काटा नव्वदवर आला तेव्हा दाबला.
हात उचलला भीत भीत,
झोपलेल्या पोराच्या मानेखालून काढावा तसा.
इंजिन चालूच.

मग हाताला कळेना काय करावं.
मांडीवर बसला, नव्या व्याह्यासारखा अवघडून.
मी बोटं वाऱ्यात सोडली.
पश्चिमेचा हा वारा असा,
की सरळ जायला गाडी कलतीच धरावी लागते.
करंगळीला मुंग्या आल्या.
म्हणजे आहे अजून.

ग्वानाको आडवा आला तेव्हा
मी काहीच ठरवलं नव्हतं.
हात मुठीवर होता,
खटका सुटलेला, ब्रेक आवळलेला,
आणि ते जनावर तारेपलीकडे
रवंथ करत मला न्याहाळत.

गारायाल्देच्या पंपावरून फोन लावला.
"खटका बरा आहे तुझा."
"आणि हात?"
कॉफीचा पेला त्याच हातात होता,
काठोकाठ.
"आहे," म्हटलं.