दोन्ही नावे माझीच

खिडकीतून हाक आली, "द्वारका!"
हॉलमधलं कुणीच उठलं नाही.
पुन्हा आली, "द्वारका गावस,
वाइफ ऑफ लेट नायक फोंडू गावस."
तेव्हा कुठं, नवऱ्याच्या नावावरून,
मी मला ओळखलं.

अडतीस वर्षांत
या नावानं मला कुणी जेवायलासुद्धा बोलावलं नव्हतं.

सहाची कदंबा धरून केरीहून निघालेली,
डाव्या डोळ्यात धुकं, उजव्यात त्याहून दाट.
साखळीच्या स्टँडवरच्या पाट्या
भिजल्या पापडासारख्या वाकलेल्या.
पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात त्याचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, मृत्यूचा दाखला
आणि रबर लावलेली तीन कार्डं.

एक गोवा सरकारचं. त्यावर मी मंदाकिनी.
ते नूतनीकरण करायचं राहिलंय,
तो गेला त्या वर्षी काय काय राहिलं त्यातलं एक.
दुसरं मुलाच्या कंपनीचं, वेर्ण्याचं.
त्यावर मी नुसती 'मदर'.
मुलगा म्हणतो, यावरच करून घे गे, पणजीच्या खेपा कशाला.
पण त्याचं कंत्राट मार्चला संपतं
आणि मोतीबिंदूला मार्च कळत नाही.

तिसरं फौजेचं.
निवृत्तीच्या दिवशी एकरकमी पैसे कापून देऊन आला होता फोंडू.
ट्रंक ओसरीवर ठेवता ठेवता म्हणाला,
तुझ्या डोळ्यांचं, दातांचं, गुडघ्यांचं भाडं भरून आलोय,
मरेपर्यंतचं.
मी विचारलं, कुणाच्या मरेपर्यंतचं?
तो सुपारी कातरत बसला.

खिडकीत मिनेझिस. कधीकाळी बोटीवर होता,
चष्मा दोरीला बांधलेला, अजून बोट हलतेय अशा बेतानं.
"बाय, आधार म्हणतं मंदाकिनी,
रेकॉर्ड ऑफिस म्हणतं द्वारका.
मशीनच्या हिशोबानं
फोंडूला दोन बायका."
रांगेतले दोन म्हातारे सुभेदार हसले.
मीही हसले. फोंडूला एक झेपत नव्हती.

ताटातल्या तांदळात त्यानंच अंगठीनं लिहिलं होतं
मंदाकिनी. सासूनं सांगितलेलं.
गूळ वाटला, माझं जुनं नाव
माहेरच्या ट्रंकेसारखं माळ्यावर गेलं.
पंधरा दिवसांत तो तेजपूरला परतला.
बाबूनं विचारलं असेल, पत्नीचं नाव?
आणि हा म्हणाला, द्वारका.

विसरला असेल.
किंवा घाईत असेल, जेवणाची शिट्टी झाली असेल.
घरी तर आयुष्यभर नुसतं "अगे".
पत्रंसुद्धा मंदाकिनीच्या नावानं, पोस्टमन ती सासूकडे देई.
दुसरं काही असलंच
तर ते त्यानं एका फायलीत ठेवलं,
जिथं आमच्यातलं कुणी पोचणार नव्हतं.

मिनेझिसनं कागदाच्या पाठीवर मजकूर लिहून दिला.
शंभराचा स्टँप, नोटरी, दोन साक्षी:
वरील दोन्ही नावे एकाच स्त्रीची असून ती मीच आहे.
"एवढं आणा, रेफरल मी देतो.
ऑपरेशन कुठंही करा, यादीतलं हॉस्पिटल असलं की झालं.
आणि हो, सही दोन्ही नावांनी."

मंदाकिनी बोटांना पाठ आहे.
रेशन, बँक, मुलाचा शाळेचा दाखला.
द्वारका लिहायला बसले तर
द च्या पोटाला व कुठं लटकवायचा तेच आठवेना.
नोटरीच्या बाकावर वाकून, नाक कागदाला लागेतो,
एकदा काढला, खोडला.
मागं कुणीतरी घड्याळ बघितलं.
नोटरी म्हणाला, सावकाश.

व जरा बाहेर आला. चालेल म्हणाले.

मंगळवारी बोलावलंय. आधी डावा.