ऐंशीला काढ

सुभाषनगरात आमच्या दारावर दोन पाट्या आहेत.
एक पत्र्याची, गंजलेली: रावबा सातपुते, पायताणवाले.
दुसरी माझी, फ्लेक्सची: मोबाईल दुरुस्ती, बॅटरी बदलून मिळेल.
मधे एकच पायरी.

वैशाखात अण्णांनी स्वतःचा फोन आणून पुढ्यात ठेवला.
पाठीमागचं झाकण उचललेलं,
फटीत नख जाईल एवढं.
'बघ रं, ह्याला काय वात धरलाय.'

झाकणाला वास येत होता.
'तेल लावलंत?'
'वाळल्यागत वाटलं. जरासं. गोडंतेल.'

रात्रभर उशीखाली चार्जिंगला,
दुपारभर तापलेल्या पत्र्याखाली फळीवर,
आणि सकाळी शंभर बघितल्याशिवाय
चहाला हात लावायचे नाहीत.
कुणाला उपाशी ठेवू नये,
एवढंच त्यांचं शास्त्र.

बॅटरी काढली. न दाबता, न टोचता,
प्लास्टिकच्या पातीनं, श्वास धरून,
झोपलेल्या कुत्र्याजवळून जावं तसा.
वाळूच्या घमेल्यात ठेवली, अंगणात, एकटीच.
'फुटंल काय ओ?' शेजारची पोरं.
'लांब ऱ्हावा.'
अशा सगळ्या साठल्या की महिनाअखेरीला
मी नेऊन जमा करतो,
घंटागाडीत टाकत नाही.

मग शिकवायला बसलो.
रापी कशी धरायची हे ज्यांनी
माझ्या बोटांवर मारून शिकवलं,
ते पायरीवर, मी खुर्चीत.

'वीसच्या खाली जाऊ द्यायचा नाही.
ऐंशीला काढायचा.
उशीखाली नको, पत्र्याखाली नको.
तापला तर कव्हर काढून गार होऊ द्यायचा.
फ्रीजमध्ये नाही अण्णा, सावलीत.
अन् महिना-दोन महिने लागणार नसला
तर निम्मा भरून, बंद करून ठेवायचा.
पुरता भरून नाही, पुरता रिकामा नाही.'

ते वादी ओवत होते. हात थांबला नाही.
'म्हंजे कातड्यागतच की.
भिजलेलं पायताण चुलीम्होरं धरलं की तडकतंय.
तेलात बुडवून ठेवलं की ढिलं पडतंय,
अंगठा धरत न्हाई.
कोरडंच फडताळात टाकलं, वर्सानं पापड.
बाभळीच्या सालीत, हिरड्यात मुरवताना
आमचा बा म्हणायचा,
कातड्याला घाई कळती बघ.'

भिंतीला चिकटवलेल्या माझ्या छापील सूचना
एकदम किरकोळ दिसायला लागल्या.

मग आरी हातातच राहिली.
'ऐंशीला काढायचं म्हणालास नव्हं?'
'होय.'
'मला अठ्ठ्याहत्तर चालू हाय.'

आणि हसले.
दात नसलेल्या जागेत सुपारीचं खांड दिसलं.

रंकाळ्यावरनं वारा वगैरे काही आला नाही.
समोर एक बाई काच फुटलेला फोन घेऊन उभी होती,
तिला कागलची एसटी धरायची होती.
तिचं काम केलं.
तीनशेचे अडीचशेच घेतले, का ते ठाऊक नाही.

नवी बॅटरी बसवल्यापासून त्यांचा फोन
खालच्या कोनाड्यात असतो,
गोंडा लावायच्या राहिलेल्या जोडाशेजारी, गारव्याला.
रात्री जेवण होतं.
डॉक्टरांनी सांगितलेली अर्धी भाकरी.
उरलेली अर्धी गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याला,
त्याला कुणी डॉक्टर नाही.
मग आतून हाक येते,
'किती झालं रं?'

मी उठतो. बघतो. पिन काढतो.
आकडा काही का असेना,
'बहात्तर,' म्हणतो.

'मग हाय की अजून,'
ते म्हणतात,
आणि कूस बदलतात.