दुभाषा

आमचं गाव त्यांच्या पत्रकात नव्हतं.
पत्रकात रंगून होतं, बोधगया होती,
नागपूर, मग पवनीचा स्तूप, मग कोलंबो.
आमच्या फाट्यावर त्यांच्या गाडीचा पाटा तुटला
म्हणून मोहटोल्याला एक रात्र मिळाली
धम्माची, उसनी.

थायलंडचे एक अजान, म्हातारे, सारखे हसणारे,
आणि कोरियाच्या भिक्खुणी, सुन्जा त्यांचं नाव,
राखाडी चीवर, पायात रबरी बूट,
धानाच्या धुऱ्यावरून चालायला आमच्या पोरींहून सरावलेल्या.

विहारात सतरंज्या पडल्या. लाइट गेली.
जागेश्वरनं ट्रॅक्टरची बॅटरी आणून बल्ब जोडला
आणि दोन फोटोंच्या पायाशी मला बसवलं.
मी बत्तीस वर्षं पोस्टात.
इंग्रजी तारा वाचल्यात मी गावाला:
आई सिरियस. ताबडतोब निघा.
गावाला वाटतं, तेवढं इंग्रजी निर्वाणाला पुरतं.

अजान थाईत बोलत,
भिक्खुणी ते इंग्रजीत आणत,
मी मराठीत, आणि मागची पोरं आपल्या म्हाताऱ्यांसाठी झाडीत.
चार हातांतून घमेलं जावं तसा एकेक शब्द यायचा,
थोडी रेती वाटेत सांडायची.

श्वास आत. जमलं.
श्वास बाहेर. तेही.
मग एक छोटासा शब्द आला
आणि मी म्हणालो, "सोडून द्या."

भिंतीजवळून पंचफुलाबाई उठल्या.
"काऊन सोडू जी?
माह्या भावाच्या वक्ती पोलीस पाटील बी हेच म्हने.
सोडून दे बाई, गावातच राहाचं हाये आपल्याले.
साक्षीदार पलटले. मी नाई सोडलं.
आता इमानातून येऊन हे बी तेच सांगतेत का?"

कुणी खोकललंसुद्धा नाही.
बल्बभोवतीचे किडे तेवढे आपटत राहिले.
त्या केसचे कागद माझ्या टपालातून गेले होते,
रजिस्टर, पोचपावतीसह.
एक पाकीट माझ्याच नावाचं होतं.
त्याचीही पोच मी सही करून दिली
आणि तारखेच्या दिवशी कोर्टात म्हणालो,
अंधार होता साहेब, दिसलं नाही.

भिक्खुणींनी मान माझ्याकडे वळवली.
काय म्हणताहेत त्या?

मी म्हणालो,
"त्यांचा गुडघा दुखतो."

भिक्खुणी उठल्या.
सतरंजीवरून गुडघ्यांनीच सरकत तिथवर गेल्या,
झोळीतून तेलाची डबी काढली,
बोटांनी विचारलं, उजवा की डावा?
पंचफुलाबाईंना काही कळेना.
खाली बसल्या. पाय पुढं केला.
कापराचा वास पार दारापर्यंत आला
आणि त्या पूर्ण वेळ
भिक्खुणींच्या मुंडक्यावरून
माझ्याकडे बघत होत्या.

सकाळी पाटा बसला. गाडी गेली.
पोरांनी बॅटरी परत ट्रॅक्टरला लावली.
मी रोज पहाटे बसू लागलो, सांगितलं तसं.
श्वास आत जातो. बाहेर येताना
त्या पाकिटापाशी अडतो.

सव्वा महिन्यानं कोलंबोचं कार्ड आलं.
नवा पोस्टमन इंग्रजी बघून माझ्याकडेच घेऊन आला.
वरती लिहिलेलं:
गुडघेवाल्या आई, विहाराजवळ, मोहटोला.
मजकूर एका ओळीचा:
गुडघा आता कसा आहे?

चार दिवस ते माझ्या खिशात होतं.
आयुष्यात कुणाचं टपाल मी अडवलं नव्हतं,
असं मी म्हणत असे.

पाचव्या दिवशी गेलो.
त्या ओसरीवर लाखोळीची डाळ पाखडत होत्या.
मी कार्ड वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत,
मग त्यांच्या बोलीत.

सूप थांबलं.
"कोनता गुडघा जी?"

मी चपला काढल्या.