निरंक

मोरगिरीच्या वर, वाघजाईच्या ओढ्यात
एक लोखंडी पट्टी उभी आहे.
सेंटीमीटरचे आकडे, त्यातल्या सातचा रंग गेलाय.
सात ज्याने त्याने समजून घ्यायचा.

सकाळी आठला वाचायची.
पाणी हलत असतं, म्हणून तीनदा बघायचं
आणि मधला आकडा धरायचा.
कोंडिबा झोऱ्यांनी एवढंच शिकवलं
आणि चष्मा पुसत खाली उतरून गेले.

वहीला अकरा रकाने.
नववा : बर्फ, सेंटीमीटरमध्ये.
वह्या सगळ्या देशासाठी एकदाच छापतात,
तेव्हा सह्याद्रीलाही विचारणा होते.
कोंडिबांनी एकतीस वर्षं तिथं लिहिलं निरंक.
क ची शेपटी दहाव्या रकान्यात शिरलेली.
दोन टिंबं देऊन 'वरीलप्रमाणे'
एकदाही केलं नाही.
"कालचं नसणं येगळं, आजचं येगळं."

त्यांची वैजयंता आता लाहौलला असते,
तसल्याच पट्टीपाशी, तसलीच वही घेऊन.
तिच्या ओढ्याला रोज दुपारी पूर.
ऊन चढतं, वर हिमनदी पाझरते,
पाचाच्या सुमाराला तळातले धोंडे गडगडतात,
आणि पहाटे पाणी इतकं उतरलेलं
की चपला हातात घेऊन पलीकडे जावं.
गार किती गं? मी विचारते.
"हात बाहेर काढला की
बोटं मोजून घ्यायची."

परवा तिनं मागितले म्हणून
मी जुन्या वह्या काढल्या.
एप्रिलचा शेवटचा आठवडा, सालवार.
चोवीस. बावीस. तेवीस. एकोणीस.
मधेच एकदा सव्वीस, त्या साली वळीव लवकर आलेला.
सतरा.
सतरा.
अकरा.
एकेका आकड्याला काही माहीत नसतं.
एकाखाली एक बसवले
की कुजबुज सुरू होते.

आणि एका मे महिन्यात, नवव्या रकान्यात,
निरंकच्या जागी, मुंगीएवढ्या अक्षरात :
'गारा. दुपारी ३.४०.
पट्टीच्या बुडाशी ओंजळभर जमल्या.
पोरीने मोजल्या, एकशे बारा.
बर्फ म्हणावे काय, कळवावे.
नऊ मिनिटांत पाणी.'
शेजारी साहेबांची लाल शाई :
रकान्याबाहेर लिहू नये.

हे मी तिला फोनवर वाचून दाखवलं.
साडेचार झाले होते, तिच्याकडं चढायची वेळ.
बराच वेळ फोनमध्ये नुसतं पाणी.
मग म्हणाली,
"एकशे तेरा होत्या.
एक मी खाल्ली."

वहीत दुरुस्ती करावी काय,
वर अजून विचारलेलं नाही.