पंधराशेच्या आत

कळमन्याच्या काट्यावर नवी सिस्टिम चढवली
आणि वजन येईना.
तार ठीक, दिवा लुकलुकता.
चाफलेभाऊ म्हणाले, "थो तं बोलून राहिला,
तुमचंच आयकून नाई राहिलं."

खरं होतं.
पत्त्यानंतरच्या दोन बाइटांत
आजची फ्रेम सांगते आपली जात.
काट्याची, सत्त्याण्णवची,
सांगते फक्त लांबी.
कर्नलनं जात विचारली,
ती कळेना, म्हणून दारातच टाकून दिली.

असं दार मला ओळखीचं.

रात्री तीन ओळी लिहिल्या:
आकडा पंधराशेच्या आत असला
तर विचारू नको काही,
मोज,
आत घे.

पहाटे संत्र्याची पहिली गाडी,
चार हजार दोनशे दहा.
पावतीवर सही करताना
चाफलेभाऊंनी माझं आडनाव वाचलं.
दोन चहा सांगितले.