मोज्यातलं कातणं

डिसेंबरात डाल्विकला दुपारी तीनलाच अंधार पडतो
आणि आमच्या स्वयंपाकघराच्या काचा वाफेनं आंधळ्या होतात.
त्या शनिवारी आई लवकर उठते,
दूध तापवते, त्यात लोणी सोडते,
कणीक मळते आणि उंडा ओल्या फडक्याखाली
निजेपर्यंत कुणाशी बोलत नाही.

मग लाटणं. पानभाकरीची पोळी अशी हवी
की खाली ठेवलेलं वर्तमानपत्र वाचता यावं.
बाबा खरंच वाचतात.
"कॉड स्वस्त झाला," म्हणतात, "पण कितीनं ते दिसत नाही.
अजून लाट."

ताटली पालथी ठेवून कडा कापायच्या,
मग टेबलाभोवती सगळे आपापली सुरी घेऊन:
थोरग्रीमुर, जो दरवर्षी फक्त चांदण्या काढतो,
त्याची बायको, जी त्या मोजते,
आणि मासळीच्या कारखान्यातली बोगुमिला,
पोलंडची, पहिल्यांदाच आलेली.
तिनं कुणाला न विचारता कोंबडा कापला,
तुऱ्यासकट.
क्षणभर सगळे गप्प. मग थोरग्रीमुर म्हणाला,
"ह्याला तळायचं कसं? हा आरवेल."

पण बारीक पाकळ्यांची रांग सुरीनं नीट जमत नाही.
त्याला कातणं लागतं, पितळी, दातेरी चाकाचं,
आईच्या आईचं.
आणि ते होतं एक, मुली होत्या दोन.

नावांची शेड विकली तेव्हापासून
आई आणि स्टेनुन मावशी बोलत नाहीत.
बाकी सगळं वाटून झालं, चमचेसुद्धा.
कातणं अर्धं करता येईना.
म्हणून पहिला शनिवार मावशीचा, दुसरा आमचा
आणि मधल्या आठवड्यात
टेकडीवरून ते आणणारा मी.

मावशी दारातच उभी राहते.
कातणं एका लोकरी मोज्यात घालून देते,
एकाच मोज्यात, जोडीतला दुसरा कुठे असतो देव जाणे.
"धुऊन परत दे," एवढंच.
आई कातणं काढून घेते, मोजा उलटा करून बघते,
आणि टाचेला भोक असलं तर
(असतंच)
रात्री निळ्या लोकरीनं रफू करते.
परत देताना मी काही सांगत नाही.
मला कुणी सांग म्हणालंच नाही.

यंदा माझा पाय मुरगळला.
वर वादळ, रस्ता बंद, रेडिओवर तीच ती सूचना.
आई म्हणाली, "सुरीनं कापू,"
आणि पहिलीच पोळी फाटली.

साडेचारला दार वाजलं.
मावशी. भुवयांवर बर्फ, गुडघ्यापर्यंत बर्फ,
मुठीत उघडं कातणं.
आत यायचं तर बूट काढावे लागतात.
तिनं काढले, सावकाश, भिंतीला धरून.

एका पायात करडा मोजा, दुसऱ्यात तपकिरी,
दोन्ही टाचा निळ्या.

आई बघत राहिली. कढईतली चरबी धुरायला लागली
तरी बघत राहिली. मग म्हणाली,
"डावी परत विरलीय."
मावशी टेबलाशी आली, एक पोळी उचलून
दिव्यासमोर धरली.
"जाड लाटलीस," ती म्हणाली.

"तेच मी सकाळपासून सांगतोय," बाबा म्हणाले,
आणि आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं
की ते लाकूड आणायला निघून गेले. लाकूड पुरेसं होतं.

मग एकीनं कातणं फिरवलं, दुसरीनं
सुरीच्या टोकानं एकेक पाकळी उचलून मागे दुमडली.
बोलणं फारसं नाही. "मीठ?" "आहे."
मी कढईजवळ स्टुलावर, पाय वर,
तळलेली पानं लाकडी झाकणानं दाबून सपाट करायला.
कोंबडा आरवला नाही, पण तुरा करपला.
बोगुमिलानं तो मोडून मला दिला.

सगळे गेले. डबा भरला.
कातणं धुऊन खिडकीत ठेवलंय
सात दिव्यांच्या कमानीखाली,
आणि मावशी जाताना ते न्यायला विसरली
की नाही विसरली, मला कळत नाही.

मोजे मात्र बदलून गेली, आईचे घालून.
तिचे इथे वाळतायत.
पाय बरा झाला की
आता मी नक्की काय न्यायचं वर?